‘कोलाड झालंय आमचं’: ऋषिकेशमधल्या एका आठवड्याचं प्रकरण

‘कोलाड झालंय आमचं, आता जरा मोठं द्या.’ दिवाळी सरली की ऋषिकेशच्या राफ्टिंगवाल्यांना पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या फोनांवर हे वाक्य ठरलेलं असतं. पलीकडचा माणूसही खूश होतो. मोठं म्हणजे लांब, आणि लांब म्हणजे महाग. इथे मांडलेलं प्रकरण अशा गटांचा एक नमुना आहे. सहाही माणसं जुळवून घेतली आहेत. त्यांच्या चुका मात्र जुळवाव्या लागल्या नाहीत, त्या नोव्हेंबरातल्या कुठल्याही शनिवारी शिवपुरीच्या वाळूवर बघायला मिळतात.

गट पुण्याचा आहे. ताई, वय ४२, पोहता येत नाही. तिचे यजमान, वजन १०८ किलो, ट्रेकची सवय, गुडघा थोडा कुरकुरणारा. त्यांचा मुलगा, साडेतेरा वर्षांचा, वजन ३८ किलो. ताईची धाकटी बहीण आणि तिची ऑफिसातली मैत्रीण. दोघी तिशीच्या, आणि मैत्रीण आठवड्यातून चार दिवस टिळक तलावावर पोहणारी. शिवाय काका, वय ६२, रक्तदाबाची गोळी चालू. काका सोडून सगळ्यांनी कोलाडला दोनदा राफ्टिंग केलेलं. मुक्काम ऋषिकेशला लागून असलेल्या तपोवनात, सात दिवस, शनिवार ते शुक्रवार.

एजंटाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला कार्यक्रम असा होता. शनिवारी मरीन ड्राइव्हपासून (मुंबईचं नव्हे, गंगेकाठचं) राफ्टिंग, रविवारी बंजी (दोरीला बांधून उंचावरून उडी), सोमवारी पहाटे कुंजापुरीचं मंदिर, मंगळवारी कयाक (एकट्याने वल्हवायची निमुळती होडी), बुधवारी नीलकंठ महादेव, गुरुवारी कौडियालापासून ३६ किलोमीटरचं मोठं राफ्टिंग, शुक्रवारी मोकळा वेळ आणि रात्रीची दिल्ली बस. वाचायला झकास. सगळं आहे, एकही दिवस वाया नाही. पण हा क्रम कशावरून ठरला? तर हॉटेलच्या चेक-इनवरून. पुण्याहून शुक्रवारी संध्याकाळी विमान, दिल्लीच्या कश्मीरी गेटवरून रात्रीची व्हॉल्वो, पहाटे साडेपाचला ऋषिकेश. खोली मिळणार बाराला. मग सहा तास करायचं काय? ‘राफ्टिंग उरकून घ्या ना सर.’

आधी कोलाड आणि गंगा यांतला फरक बघू, कारण घोळ तिथेच आहे. कोलाडची राफ्ट कुंडलिकेवर चालते. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून पुढे रावळज्याच्या छोट्या धरणातून सकाळी सोडलं जातं. नदी अरुंद, पाणी कोमट, रॅपिड (खडकांवरून उसळत्या पाण्याचे टप्पे) दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, आणि बहुतेक रॅपिडनंतर लगेच संथ डोह. राफ्टमधून पडलेला माणूस मिनिटभरात ओढून घेतात, तो हसतच वर येतो, आणि त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की पडणं म्हणजे गंमत.

ऋषिकेशची गंगा म्हणजे देवप्रयागला एक झालेल्या भागीरथी आणि अलकनंदा. भागीरथीवर २६०.५ मीटर उंचीचं टिहरी धरण, त्याखाली कोटेश्वरचं धरण. अलकनंदेवर श्रीनगरचा जलविद्युत प्रकल्प. विजेच्या मागणीप्रमाणे वरून पाणी कमीजास्त सुटतं आणि त्याचा परिणाम काही तासांनी खाली शिवपुरीला दिसतो. सकाळी जो खडक उघडा होता तो दुपारी पाण्याखाली गेलेला असतो. रॅपिडची श्रेणी पाटीवर तिसरी लिहिलेली असली तरी ती एका ठरावीक पातळीची असते. पातळी वाढली की काही रॅपिड बुजतात आणि काही खवळतात. पावसाळ्यात तर नदी बंदच असते. हंगाम सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाणी उतरलं की सुरू होतो आणि ३० जूनला संपतो. नोव्हेंबरात पाणी हिरवं, नितळ आणि थंडगार असतं. ‘थंड’ या शब्दाने पुणेकराला कल्पना येत नाही. त्यात पहिल्यांदा पडलेल्या माणसाचा श्वास आपोआप आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असलं तरी. पहिलं मिनिट-दीड मिनिट हातपाय न मारता फक्त श्वास सांभाळायचा असतो. हे वाळूवर सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि घाई असली की नेमकं तेवढंच राहून जातं.

आता शनिवार. बस साडेपाचला आली, पण रात्रभर कोणाचा डोळा लागला नव्हता. नाश्त्याला तपोवनात आलू पराठे, प्रत्येकी दोन, वर लोण्याचा गोळा. नऊला जीप येणार होती, ती पावणेबाराला आली. दिवाळीनंतरचा शनिवार, दिल्ली-हरियाणाच्या गाड्या, आणि तपोवन ते शिवपुरी हा एकच रस्ता. टपावर राफ्ट लादलेल्या जीपाही त्याच रांगेत. पुढे मरीन ड्राइव्हपर्यंत जायला वेळ उरला नाही, म्हणून ‘सर, शिवपुरीपासून करू, तेच मस्त आहे.’ खरं तर हा बदल त्यांच्या भल्याचाच होता. शिवपुरी ते ऋषिकेश १६ किलोमीटर, अडीच-तीन तास. मरीन ड्राइव्हपासून २५ किलोमीटरच्या आसपास होतं आणि ब्लॅक मनी, क्रॉसफायर, थ्री ब्लाइंड माइस हे रॅपिड वर पडतात.

वाळूवर पोचायला सव्वादोन झाले. नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या आधी मावळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नदी खोल दरीत आहे, आणि साडेतीनच्या सुमारास पाण्यावरचं ऊन डोंगरामागे जातं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ओल्या कपड्यांवर वारा, आणि ऊन गेलेलं.

इथे पहिला खडा. मुलाचं वय चौदाच्या आत. उत्तराखंडात राफ्टिंगची खालची वयोमर्यादा १४ आहे. काउंटरवर कोणीतरी म्हणालंच, ‘चौदा लिहा, कोण बघतं.’ ताईंनी लिहिलं नाही, हे या दिवसातलं एकमेव शहाणपण. काका आणि मुलगा जीपने परत गेले. उरलेल्या चौघांबरोबर दिल्लीचे चार तरुण घालून आठ जणांची राफ्ट भरली.

जॅकेटांचा ढीग वाळूवर पडलेला होता. ज्याला जे मिळालं ते त्याने चढवलं. मैत्रीण अंगाने बारीक, तिच्या वाट्याला मोठं आलं. बकल लागली, पट्टे ओढलेच नाहीत. जॅकेट बसलंय का हे पाहायची रीत सोपी आहे: खांद्यांवरच्या पट्ट्यांना धरून दुसऱ्याने जोरात वर उचलायचं. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते पाण्यात कानांपर्यंत येणार. यजमानांची अडचण उलटी. त्यांना वाटत होतं की १०८ किलोला जास्त तरंगणारं जॅकेट लागेल. तसं नसतं. पाण्यात माणसाचं वजन जेमतेम चार-पाच किलोच भरतं, आणि चरबी जास्त असली तर त्याहूनही कमी. प्रश्न असतो छातीच्या घेराचा. खालचं बकल लागत नसेल तर ते जॅकेट त्यांचं नाहीच, दुसरं मागायचं. त्यांनी वरची दोन बकलं लावली आणि खालचं लोंबत ठेवलं.

गाइडने सूचना दिल्या त्या चार मिनिटांत. फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाउन. मग हेल्मेटवर कॅमेरा चढवून, ‘व्हिडिओ कोणाकोणाला पाहिजे?’ यावर सात मिनिटं गेली. व्हिडिओचे पैसे वेगळे. ज्याचं लक्ष फ्रेमकडे आहे तो मागच्या पॅडलवरचा माणूस पाण्याकडे किती बघणार, हा प्रश्न आम्हाला दर वेळी पडतो. कॅमेरा असावा, पण तो सेफ्टी कयाकवाल्याकडे (राफ्टबरोबर राहून पडलेल्यांना उचलणारा) किंवा काठावरच्या माणसाकडे. सेफ्टी कयाक होता म्हणा, पण तीन राफ्टांत मिळून एक, आणि तो पहिल्या राफ्टबरोबर पुढे गेलेला.

रिटर्न टू सेंडर नावाचा रॅपिड पार पडला. सगळे ओले, सगळे खूश. पुढे रोलर कोस्टर. नावाप्रमाणेच एकामागोमाग एक उंच लाटांची रांग. अशा लाटेवर राफ्ट चढवायची ती नाक सरळ ठेवून आणि वेगात. चढावर पॅडल थांबलं की राफ्ट लाटेच्या कपाळावर थबकते, पाणी तिला मागे ढकलतं, नाक आडवं होतं, आणि पुढची लाट मग कुशीत बसते. झालं नेमकं तेच. डाव्या बाजूला पुढे यजमान, त्यांच्या मागे दिल्लीचा धिप्पाड मुलगा. उजवीकडे दोघी बारीक. डावी बाजू आधीच खाली दबलेली. तिसऱ्या लाटेला ताईचं पॅडल थांबलं. भीतीने नाही, दमल्यामुळे. रात्रीची झोप नाही, पोटात पराठे, आणि सव्वातीनची थंडी. तिने पॅडलच्या वरच्या टोकावरचा हात काढून कडेच्या दोरीला धरलं. मोकळं सुटलेलं ते टी-आकाराचं टोक फिरलं आणि तिच्याच ओठावर बसलं. राफ्टिंगमध्ये दात-ओठ फुटतात ते खडकाने कमी, या टोकाने जास्त. त्या टोकावर एक हात कायम मुठीसारखा हवा, हे वाक्य चार मिनिटांच्या सूचनेत होतंही. दोनदा म्हणून घेतलं नव्हतं, एवढंच.

त्याच लाटेत उजवी बाजू उचलली गेली आणि मैत्रीण बाहेर. तलावावरची पोहणारी म्हणून ती सगळ्यांत निर्धास्त होती, आणि म्हणूनच सगळ्यांत चुकली. वर आली ती लगेच क्रॉल मारत राफ्टकडे निघाली. लाटांत क्रॉल म्हणजे प्रत्येक श्वासाला तोंडात पाणी. जॅकेट कानांपर्यंत आलेलं, त्यामुळे मान वळत नव्हती. अशा वेळी पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायांची बोटं पाण्याबाहेर, आणि श्वास दोन लाटांमधल्या खळग्यात. शिखरावर फेस असतो, तिथे श्वास घेतला की पाणी आत जातं. राफ्ट किंवा काठ जवळ आला आणि पाणी संथ झालं, मगच पालथं होऊन तिरकं, जीव खाऊन पोहायचं. आणि गुडघ्याहून खोल वाहत्या पाण्यात कधीही उभं राहायचं नाही. दगडांच्या फटीत पाय अडकला की मागचा लोंढा माणसाला पुढे वाकवतो आणि तोंड पाण्याखाली जातं, मग जॅकेटचाही उपयोग होत नाही.

गाइडने थ्रो बॅग, म्हणजे दोरी भरलेली पिशवी, फेकली. पंधरा-वीस मीटरची दोरी, नेम चांगला. तिने पकडली आणि घाबरून मनगटाला दोन वेढे दिले. गुंडाळलेली दोरी ताणली गेली की सोडता येत नाही, हात काचतो, आणि दोरी कुठे अडकली तर माणूसच अडकतो. दोरी दोन्ही हातांनी छातीशी धरायची, पाठीवर व्हायचं, दोरी खांद्यावरून जाईल असं वळायचं. मग पाणी तोंडावर येत नाही आणि प्रवाहच तुम्हाला काठाकडे झुलवतो. तिचं नशीब, दोरी मोकळी राहिली. जवळपास तीन मिनिटांनी तिला जॅकेटच्या खांद्यांना धरून आत घेतलं. ती थरथर कापत होती आणि पुढचा ‘गोल्फ कोर्स’ रॅपिड तिने राफ्टच्या तळाशी बसून पार केला. पुढे क्लब हाऊस, डबल ट्रबल, हिल्टन ही नावं तिला नंतर व्हिडिओत कळली.

मॅगी पॉइंटला राफ्टा थांबतात. तिथे खडकावरून उडी मारायचा रिवाज आहे. रांग बघून धाकटी बहीणही चढली. त्या उड्यांबद्दल एकच सांगायचं: हात छातीशी घट्ट, जॅकेटचे खांदे मुठीत धरलेले, पाय जुळवून सरळ. हात पसरून उडी मारली की जॅकेट पाण्याच्या धक्क्याने वर येऊन हनुवटीवर आदळतं आणि खांदा निखळू शकतो. ती सरळ पडली. संध्याकाळी ताईच्या ओठाला दोन टाके पडले. रविवार हॉटेलात गेला. सोमवारची कुंजापुरी रद्द, कारण मैत्रिणीला खोकला आणि यजमानांचा गुडघा सुजलेला. राफ्टच्या फुगवलेल्या आडव्या नळीखाली पाऊल घट्ट खोचून बसले होते आणि धक्का बसला तेव्हा पाऊल सुटलं नाही. सात दिवसांतले तीन गेले, ते एका सव्वादोनच्या राफ्टमुळे.

दोष गाइडवर टाकून मोकळं होता येईल, पण निम्मा दोष क्रमाचा आहे. तीच माणसं, तीच नदी आणि तेच सात दिवस घेऊन क्रम असा लावता येतो.

शनिवारी नदीत उतरायचंच नाही. सामान हॉटेलात ठेवायचं, खोली मिळाली की झोप, दुपारी चालत फिरणं. तपोवनातून राम झुल्यापर्यंत खाली येऊन पलीकडे जायचं, तेवढंच पायांना वळण. संध्याकाळी परमार्थ निकेतनची आरती. आणि त्याच दिवशी दोन-तीन राफ्टिंगवाल्यांकडे प्रत्यक्ष जाऊन जॅकेट बघायची. बकल तुटकी आहेत का, फोम दाबल्यावर उसळतो का, मोठ्या छातीचं आणि बारीक अंगाचं असं दोन्ही मापांचं आहे का, गाइडचा परवाना कुठे आहे, आणि आमच्या राफ्टबरोबर सेफ्टी कयाक असेल का. शेवटच्या प्रश्नाला ‘जरूरत नहीं है’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जायचं. पुण्याहून आगाऊ पैसे भरले की ही मुभाच जाते.

रविवारी नदीवर सगळ्यांत जास्त गर्दी असते. म्हणून रविवार डोंगराचा. पहाटे साडेचारला जीप, कुंजापुरीचं मंदिर साधारण १६५० मीटरवर. शेवटच्या तीनेकशे पायऱ्या काकांनी सावकाश चढायच्या, दर पन्नास पायऱ्यांना थांबून. नोव्हेंबरात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि हवा स्वच्छ असली तर चौखंबा, बंदरपूंछ, स्वर्गारोहिणी अशी रांग लागते. तिथून नीर धबधब्यापर्यंत उतरत येणारी वाट गावांतून आणि जंगलातून जाते, जवळपास हजार मीटरची उतरण. चढ नाही म्हणून लोक हलकं समजतात, पण गुडघ्यांचं पीठ उतरणीतच होतं. यजमानांनी दोन काठ्या घ्याव्यात. काकांनी जीपने परतावं.

सोमवारी ब्रह्मपुरी ते ऋषिकेश, नऊ किलोमीटर, सकाळी दहाची वेळ. कोलाडवाल्यांना हे पोरकट वाटेल. वाटू दे. या दिवसाचं काम वेगळं आहे: संथ पाण्यात प्रत्येकाने एकदा मुद्दाम पाण्यात उतरायचं, पाठीवर तरंगायचं, थ्रो बॅग छातीशी धरायची, आणि जॅकेटला धरून आत ओढून घ्यायचं. थंड पाण्याचा पहिला झटका रॅपिडमध्ये न बसता इथे बसतो. तोवर गाइडला कळतं की कोण जोर लावतं आणि कोण दोरी धरतं. नाश्ता दोन तास आधी आणि हलका. अंगठ्या खोलीत, चष्म्याला मागून दोरी, सुती टी-शर्टऐवजी लवकर वाळणारा कपडा, पायात मागे पट्टा असलेली सँडल. साधी चप्पल पहिल्याच लाटेत हरिद्वारला.

मंगळवारी शिवपुरी, पुन्हा सकाळी. वाळूवर पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक काटकी रोवायची. राफ्ट फुगवून सूचना होईपर्यंत अर्धा तास जातो, मग काटकी बघायची. ती पाण्यात गेली असेल तर पातळी चढतेय. कडेला ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडला असेल तर उतरतेय. गाइडांचे स्वतःचे ठरलेले खडक असतात, त्यांना विचारलं की सांगतात, आणि विचारणाऱ्या गटाशी ते वेगळेच वागतात. बसताना यजमान आणि दुसरा जड माणूस समोरासमोर, एकाच बाजूला नाही. ताई मधल्या जागी, तिथे उसळी कमी लागते. वाहत्या पाण्यात राफ्ट खडकावर आडवी चिकटू लागली तर गाइड ‘हाय साइड’ ओरडतो. तेव्हा खडकाच्याच बाजूला झेप घ्यायची असते, खडकापासून दूर नाही. अंग नेमकं उलट सांगतं, म्हणून वाळूवर तीनदा करून बघायचं.

बुधवार आणि गुरुवार कयाकचे, फक्त धाकटी बहीण आणि मैत्रिणीसाठी. एका दिवसाचा कयाक म्हणजे फोटो. दोन दिवसांत निदान पायाभूत गोष्टी हाताला लागतात. पहिल्या दिवशी संथ पाण्यात आधी शिकवतात ते उलटल्यावर बाहेर पडणं. कमरेभोवती रबरी घागरा असतो, त्याची कड कयाकच्या तोंडाला ताणून बसवतात म्हणजे पाणी आत येत नाही. त्या कडेला पुढे एक पट्ट्याचा फास असतो. बसवताना तो फास बाहेरच राहिला पाहिजे. आत दबला गेला आणि कयाक उलटला, तर पाण्याखाली उलटं लटकून ओढायला काहीच सापडत नाही. म्हणून निघण्याआधी प्रत्येक वेळी फासाला हात लावून बघायचं, आणि शेजारच्याचाही बघायचा. उलटल्यावर: पुढे वाकायचं, कयाकच्या तळावर तीन थापा मारायच्या, फास पुढे आणि वर ओढायचा, दोन्ही हात कमरेशी टेकवून पँट काढल्यासारखं बाहेर यायचं. मागे झुकून निसटायचा मोह होतो, त्यात चेहरा खडकासमोर येतो. नाकात पाणी जाऊन डोकं भणाणतं, त्याला साधी नाकाची चिमटी पुरते. ती पुण्याहूनच न्यावी. मग कमरेच्या झटक्याने कयाक सुलटा करणं. नवशिके हाताने जोर लावतात आणि डोकं आधी वर काढतात. डोकं सगळ्यांत शेवटी वर आलं पाहिजे. दोन दिवसांत पूर्ण रोल जमला नाही तरी बिघडत नाही. प्रवाहातून उलट्या धारेत, गाइडांच्या भाषेत एडीत, वळून थांबता आलं तर पैसे वसूल.

बाकीच्यांसाठी बुधवारी चौरासी कुटिया. महेश योगींचा हा आश्रम १९६८ मध्ये बीटल्स इथे राहून गेल्यामुळे गाजला आणि २०१५ मध्ये वनखात्याने लोकांसाठी उघडला. राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्याने तिकीट लागतं. नीलकंठची जंगलातली पायवाट त्याच पट्ट्यातून जाते. तिथे हत्ती असतात. उजाडल्यावर निघून चारच्या आत परतायचं, नाहीतर सरळ जीप.

बंजी मोहनचट्टीला, उंची ८३ मीटर. एजंटाने सहाही जणांचे पैसे घेतले होते, पण काका रक्तदाबामुळे बाद, मुलगा ४० किलोच्या आत म्हणून बाद. यजमानांचं वजन घरच्या काट्यावर १०८. तिथे कपडे-बुटांसकट घेतात आणि मर्यादा ११० आहे. जीन्स आणि ट्रेकिंगचे बूट घालून ते अडकले असते. ट्रॅक पँट घालून काठावर पास. मर्यादा ताणायची नसते, कारण दोरी वजनानुसार निवडतात. कयाकनंतर लगेच बंजी नको, खांदा आणि मान आधीच आखडलेली असते. गुरुवारी यजमान आणि ताई गेले. ताईने वरून खाली बघितलं आणि चहा प्यायली.

एक भीती मात्र कुठल्याच कार्यक्रमात छापलेली नसते. ऋषिकेशला काठावर आंघोळीला उतरून माणसं बुडतात, तीही पोहता येणारी. तपोवनाजवळ एका वाळूच्या पट्ट्याला चक्क ‘गोवा बीच’ म्हणतात. नाव ऐकून आपली मंडळी लाटांत खेळल्यासारखी उतरतात. समुद्राची वाळू हळूहळू खोल होते. इथे चार पावलांवर कडा असतो आणि पुढे पूर्ण धार. त्यात वरून पाणी सुटलं तर मघाशी चालत आलेला पट्टा बेट होतो. गुडघाभर पाण्यात, बसून, तांब्याने. नदीकाठच्या तंबूंचंही तसंच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ च्या डिसेंबरात इथल्या काठावरच्या कॅम्पांवर बंदी आणली, त्यामुळे ‘रिव्हरसाइड कॅम्प’ म्हणून दाखवलेली जागा बहुधा वर डोंगरात असते. अगदी पाण्याला लागून असेल तर ती का आहे हे विचारावं.

विम्याचं बघून ठेवावं. आरोग्य विम्यातलं साहसी खेळांचं नेहमीचं अपवाद-कलम व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी असतं, हौशी माणसासाठी नाही. प्रवास विमा वेगळा, त्यात राफ्टिंग सरसकट वगळलेलं असू शकतं. काउंटरवर सही करून घेतात त्या जोखीमपत्रावर रक्तगट आणि चालू गोळ्या खऱ्या लिहाव्यात. काही झालंच तर ऋषिकेशात एम्स आहे, ही मोठी सोय.

शुक्रवार राखीव. पातळी, हवा आणि सगळ्यांचे खांदे जागेवर असतील तर मरीन ड्राइव्ह. कौडियालाचे ३६ किलोमीटर या गटासाठी या वर्षी नाहीतच. त्या वरच्या टप्प्यात ‘द वॉल’ आहे, आणि तिथे राफ्ट उलटणं ही नेहमीची गोष्ट आहे. शुक्रवारी रात्री बस असेल तर चारच्या आत पाण्याबाहेर, म्हणजे सँडल वाळतात आणि बॅगेत गंगा नेऊन दिल्ली विमानतळावर जादा किलोचे पैसे भरावे लागत नाहीत.

राहिला मुलगा. आठवडाभर ‘मी का नाही?’ चाललं होतं. त्याला द्यायची थ्रो बॅग. दहा मीटरवर वाळूत निशाण लावायचं, दोरीचं मोकळं टोक डाव्या मुठीत, पिशवीचं तोंड उघडून हातभर दोरी बाहेर, ‘रोप!’ ओरडायचं, नजर पिशवीवर नाही तर माणसावर, आणि खालून झोका देऊन टाकायचं, निशाणाच्या किंचित पलीकडे. दोरी माणसावर पडायला हवी, समोर नव्हे. गुंडाळी करत बसायचं नाही, सैल दोरी पिशवीत नुसती कोंबायची. शुक्रवारी दुपारपर्यंत दहातल्या सात फेकी नेमावर पडायला लागल्या. निशाण म्हणून त्याने काकांची चप्पल ठेवली होती.

‘अरे, माझीच कशाला?’

‘काका, तुमची मोठी आहे ना. आणि पुढच्या दिवाळीपर्यंत मी चौदाचा होतोय.’

‘होशील रे. आधी ती पाण्यापासून लांब ठेव.’